छावणीतला उन्हाळा

छावणी हा शब्द मुळात सैन्याचा. पुण्यात त्याला लष्कर किंवा कॅम्प म्हणतात, मराठवाड्यात छावणी. दुष्काळ पडला की गुरांचीही छावणी उघडते. पण कॉलेजातल्या पोरापोरींनी सुट्टीत कुदळी घेऊन कुठेतरी जाऊन राहायचं, त्यालाही छावणी का म्हणायचं, असा प्रश्न मला पडला होता. १९८३च्या मे महिन्यात मी सोमनाथच्या छावणीला गेले तेव्हा उत्तर मिळालं नाही. ते मिळालं पुष्कळ वर्षांनी, एका स्विस माणसाबद्दल वाचताना.

त्याचं नाव पिएर सेरेसोल. वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले, भाऊ सैन्यात कर्नल, आणि हा मात्र लष्करासाठीचा कर भरणार नाही म्हणून तुरुंगात जाणारा. (प्रत्येक घरात एक असतोच!) पहिलं महायुद्ध संपल्यावर त्याच्या डोक्यात आलं की सैन्यातली शिस्त, एकत्र राहणं, अंगमेहनत हे सगळं घ्यायचं, फक्त बंदुकीच्या जागी फावडं द्यायचं. १९२० साली फ्रान्समध्ये व्हर्दंजवळच्या एन नावाच्या गावी त्याने पहिली तुकडी नेली. गाव युद्धात भुईसपाट झालेलं. मूठभर माणसं, त्यात जर्मनही होते. लोकांना राहायला लाकडी घरं उभी करणं आणि तोफगोळ्यांनी खड्डे पडलेली जमीन सारखी करणं हे काम. गंमत म्हणजे हे शिबिर काही यशस्वी वगैरे झालं नाही. जर्मनांबद्दलचा राग अजून ताजा होता, स्थानिक अधिकाऱ्यांना ही मंडळी नकोशी झाली आणि हिवाळा सरता सरता त्यांना तिथून निघावं लागलं. पण कल्पना टिकली. चार वर्षांनी स्वित्झर्लंडमध्येच हिमकडा कोसळलेल्या एका गावात दुसरं शिबिर झालं, १९२८ साली लिक्टेनस्टाइनमध्ये ऱ्हाइन नदीच्या पुराचा गाळ उपसायला शेकडो तरुण आले. त्यातून 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संस्था वाढली. म्हणजे छावणी हा शब्द अगदी चपखल होता. सैन्याची नक्कलच ती, उलट्या कामासाठी केलेली.

हाच सेरेसोल पुढे आपल्याकडे आला. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्याच वर्षी तो आला आणि नंतर काही साथीदार घेऊन पुन्हा आला. मुझफ्फरपूरच्या बाजूला उद्ध्वस्त झालेली गावं वसवण्याच्या कामात ही मंडळी १९३७पर्यंत अधूनमधून राबत होती. गोऱ्या माणसाने डोक्यावर मातीची पाटी घेतलेली पाहणं हा १९३४ सालच्या बिहारी खेडुताला केवढा धक्का असेल! तो धक्काच निम्मं काम करून गेला असणार, असं मला वाटतं.

स्वातंत्र्यानंतर श्रमदान हा शब्द आपल्याकडे इतका बोकाळला की त्याचा वीट यावा. १९५२ साली सामूहिक विकास योजना आली आणि मंत्र्यांनी एक टोपलं माती टाकून फोटो काढून घ्यायची प्रथा पडली. पण त्याच काळात खरोखरीची कामंही होत होती. राष्ट्र सेवा दल आणि साने गुरुजी सेवापथकाची पोरं खेड्यापाड्यांत शिबिरं करत होती. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने राष्ट्रीय सेवा योजना निघाली आणि शिबिर हा कॉलेजचाच एक कार्यक्रम झाला. दहा दिवसांचं शिबिर, वर्गात भरलेली हजेरी, शेवटी सर्टिफिकेट. माझ्या पिढीला एनएसएसचं शिबिर म्हणजे रस्त्याला चुना मारणं आणि रात्री अंताक्षरी एवढंच आठवेल. असो.

आनंदवनाची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे आणि ती इथे थोडी सांगायलाच हवी, कारण सोमनाथ ही तिचीच फांदी. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन सुरू केलं, १९५१ साली विनोबांच्या हातून त्याचं उद्घाटन झालं. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये हे भांडवल आता सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतरचा एक तपशील मात्र कमी जणांना ठाऊक असतो. सुरुवातीला आनंदवनात पिकलेली भाजी वरोऱ्यात कुणी घेत नसे. कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी कोण खाणार! पन्नासच्या दशकात सेरेसोलच्याच संस्थेचे वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, त्यांनी इमारती बांधायला हात लावला, आणि ते सगळे तिथलंच अन्न खात होते. गावाने ते पाहिलं. साहेबाची पोरं खातात आणि त्यांना काही होत नाही, तर मग आपण का घाबरायचं? माणसं अशी शहाणी होतात. व्याख्यानाने होत नाहीत.

१९६७ साली बाबांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाजवळ, जंगलात, सोमनाथ प्रकल्प सुरू केला. बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांनी तिथे जंगलाच्या कडेने शेती उभी केली, तळी केली, भाताची खाचरं केली. तरुणांसाठी श्रमिकांचं विद्यापीठ काढायचं बाबांचं स्वप्न होतं. विद्यापीठ काही झालं नाही, पण साठच्या दशकाच्या अखेरीला त्याच कल्पनेतून उन्हाळी छावणी सुरू झाली आणि नंतर वर्षानुवर्षं मे महिन्यात भरत राहिली. त्याच सुमारास पॅरिसमधली पोरं रस्त्यातले दगड उचकटून पोलिसांवर फेकत होती आणि युरोप-अमेरिकेतली हजारो पोरं इस्रायलच्या किबुत्झमध्ये फळं तोडायला निघाली होती. जगभरच त्या वयाच्या हातांना काहीतरी हवं होतं.

आता माझ्याकडे येते. बारावीची परीक्षा झालेली, निकाल लागायचा होता. आतेभाऊ आदल्या वर्षी सोमनाथला जाऊन आलेला आणि येता-जाता तेच सांगायचा. आईने सरळ नाही म्हटलं. उन्हाचं कारण सांगितलं, मुलामुलींच्या एकत्र राहण्याचं सांगितलं, आणि तिसरं कारण सांगितलंच नाही. ते सगळ्यांना माहीत होतं. आप्पा म्हणाले, जाऊ दे तिला. (घरी वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो, त्यामुळे या लेखात 'बाबा' म्हणजे आमटेच, गोंधळ नको.) महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूर, तिथून एसटीने चंद्रपूर, पुन्हा एसटीने मूल. त्या भागात तेव्हा गोंदियाकडून चंद्रपूरला अरुंद रुळांची छोटी गाडी धावायची आणि 'मूल मारोडा' असं जोडनावाचं स्टेशन होतं. तिच्यात बसायचं राहून गेलं ते गेलंच, नंतर रूळच रुंद झाले.

चंद्रपूरचा मे महिना पुण्याच्या माणसाला शब्दांत सांगता येत नाही. सकाळी आठनंतर ऊन अंगाला चिकटायचं. म्हणून छावणीचा दिवस अंधारातच सुरू व्हायचा. चारच्या सुमाराला कुणीतरी गाणं म्हणत फिरायचं, उजाडता उजाडता आम्ही कामाच्या जागी. आमच्या वर्षी एका तळ्याचा गाळ काढून बांधावर टाकायचा होता. पहिल्याच सकाळी भाषेची गडबड झाली. मी पहार म्हटलं की तिथला माणूस हसायचा, ती सब्बल. कुदळीला टिकास. शेताच्या बांधाला धुरा, भाताच्या खाचराला बांधी, लहान तळ्याला बोडी. एक सब्बल मी दोन्ही हातांनी उचलून दाखवली तेव्हा आमच्या तुकडीच्या मुकादमाने मान डोलावली आणि मला घमेली पुढे सरकवायच्या रांगेत उभं केलं!

रांगेचं काम मात्र मजेचं. तीस-चाळीस जण साखळी करून उभे, घमेलं हातोहात पुढे जातंय, रिकामं मागे येतंय. पंधरा मिनिटांत एक लय सापडते आणि मग गाणं आपोआप सुरू होतं. कुणी मराठवाड्याचा, कुणी कोल्हापूरचा, दोघी मुली इंदूरच्या मराठी घरातल्या. आडनाव विचारायचं नाही असा अलिखित नियम होता. आम्ही पुणेरी असल्यामुळे तो आमच्या दोन वाक्यं बोलण्यातच मोडायचा, ते सोडा.

आम्ही किती काम केलं? हा प्रश्न मी नंतर अनेकदा स्वतःला विचारला आहे. रोजगार हमीच्या कामावर मातीची मोजणी होते. खड्ड्यात मध्ये एक मातीचा खांब न खोदता ठेवतात, त्याच्या उंचीवरून किती खणलं ते काढतात आणि त्यावर मजुरी ठरते. आमच्या खड्ड्यात असा खांब ठेवला असता तर लाज वाटली असती. रोजगार हमीवरची कसलेली जोडपी आमच्या चौघांचं काम सहज उरकून घरी गेली असती, आणि त्यांना कुणी श्रमसंस्कार म्हणून टाळ्या वाजवल्या नसत्या. हे तिथे एका नांदेडच्या मुलाने रात्रीच्या चर्चेत उभं राहून विचारलं होतं. त्याची आई रोजगार हमीवर जात होती. तो म्हणाला, माझ्या आईवर हा संस्कार रोज होतो, तिला कुठल्या छावणीत पाठवू? मंडप गप्प झाला. त्याला उत्तर म्हणून कुणीतरी काहीतरी बोललं, पण ते उत्तर नव्हतं. प्रश्न माझ्या लक्षात राहिला, उत्तर राहिलं नाही.

दुपार सगळी आरामाची. जेवून मांडवात, झाडाखाली, जिथे सावली तिथे माणसं आडवी. टेंभरं आणि चारं खायला मी तिथे शिकले (चारोळीच्या बाहेर इतकं गोड फळ असतं हे आमच्या सदाशिव पेठेला कुठे माहीत!). तेंदूपत्त्याचा हंगाम होता, आसपासच्या गावांतल्या बायका पहाटेच पानं तोडायला जंगलात जायच्या आणि दुपारी सावलीत बसून पुडके बांधायच्या. उन्हं उतरली की गप्पा, भाषणं, वाद. बाबांना पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे बसता येत नसे. एक तर उभं राहायचं, नाही तर आडवं व्हायचं. त्यामुळे खाटेवर आडवे पडलेले, बंडी आणि अर्धी चड्डी घातलेले बाबा आणि भोवती जमिनीवर आम्ही, असं दृश्य. ते बोलायला लागले की आवाज खाटेवरच्या माणसाचा वाटायचा नाही. दोन वर्षांनी, १९८५च्या डिसेंबरात, हा माणूस शंभरावर तरुण सायकलस्वार घेऊन आणि स्वतः गाडीत आडवा पडून कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाला, 'भारत जोडो' म्हणत. पेपरात वाचून बाकीच्यांना नवल वाटलं. आम्ही खाट पाहिलेली होती.

पण मला सांगायचं आहे ते जेवणाबद्दल.

स्वयंपाकघरात आणि वाढायला जी माणसं होती त्यांतल्या बऱ्याच जणांना कुष्ठरोग होऊन गेलेला होता. होऊन गेलेला, हे महत्त्वाचं. रोग बरा झालेला, पण रोगाने मज्जातंतूंचं जे नुकसान केलं ते राहतं. बोटं आखडतात, झडतात, संवेदना जाते. भात वाढणारे एक काका होते, त्यांच्या उजव्या हाताला अंगठा आणि अर्धं बोट. पळी मनगटाला फडक्याने बांधलेली. भात ताटात नेमका पडायचा, एक शीत बाहेर जायचं नाही. गरम भांड्याला हात लावायचा असेल तर ते आधी कोपराजवळची कातडी टेकवून पाहायचे, कारण बोटांना चटका कळत नसे. मी विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, जसं कुणी कुलूप कसं लावायचं ते सांगेल. पहिल्या दिवशी माझा घास घशात फिरत होता. शेजारची मुलगी ताट पुढे ठेवून नुसती बसून होती. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्यांच्याकडे जास्तीचा भात मागत होतो. एवढंच झालं. कुणी प्रवचन दिलं नाही.

काळ कसा होता तेही ध्यानात घ्या. कुष्ठरोगाचा जंतू हान्सेनने १८७३ सालीच शोधला होता. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूला तोंड देण्याची ताकद उपजतच असते, हेही डॉक्टरांना माहीत होतं. डॅप्सोनच्या गोळ्या चाळीसच्या दशकाच्या शेवटापासून मिळू लागल्या होत्या. आणि तरीही १८९८चा 'लेपर्स अ‍ॅक्ट' कायद्याच्या पुस्तकात होता. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत सुचवली, आणि आम्ही तळं खणत होतो त्याच १९८३ साली भारत सरकारने कुष्ठरोग निर्मूलनाचा नवा कार्यक्रम सुरू केला. २००५च्या डिसेंबरात दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, अशी पातळी देशाने गाठली. तो जुना कायदा मात्र रद्द झाला २०१६ साली. नवरा-बायकोपैकी एकाला कुष्ठरोग झाला हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते निघालं २०१९ साली! औषध येऊन सत्तर वर्षं झाल्यावर.

मी घरी आले ती काळवंडलेली, हातावर घट्टे घेऊन. आईने अंघोळीला पाणी काढून दिलं आणि कपडे वेगळे भिजवले. आजी काही बोलली नाही. रात्री झोपताना तिने विचारलं, "ते लोक स्वतः वाढत होते?"

"हो."

"आणि तुम्ही जेवलात?"

"हो आजी. रोज."

बराच वेळ गप्प. मग तिने अंधारातच सांगायला सुरुवात केली. ती लग्न होऊन कोकणात आली १९३६ साली, चौदा वर्षांची. आजोबा तिघे भाऊ, असं आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो. ते चौघे होते. सगळ्यांत धाकट्याला रक्तपिती झाली. (आजी शेवटपर्यंत हाच शब्द वापरायची.) त्याला गोठ्यामागच्या खोपटात ठेवलं होतं. नव्या सुनेचं काम होतं की दुपारी पत्रावळ वाढून आगराच्या कडेच्या चिऱ्यावर ठेवायची आणि मागे न बघता परत यायचं. तो आजीपेक्षा चारेक वर्षांनी मोठा. तो लांबूनच विचारायचा, वहिनी, आज काय केलंय? ती उत्तर द्यायची नाही, कारण सासूने बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. असं तीन वर्षं चाललं. एका सकाळी खोपट रिकामं होतं. काशीला गेला असं गावात सांगितलं. कुणी शोधायला गेलं नाही.

"एकदा तरी सांगायला हवं होतं गो, काय केलंय ते," आजी म्हणाली. "कुळथाची पिठी असायची, दुसरं काय असणार."

त्याच काळात, १९३६ साली, वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली होती आणि पुढे सेवाग्रामात गांधीजी परचुरेशास्त्र्यांच्या जखमा स्वतः धूत होते. माहितीची ही दोन टोकं मी कधीकधी शेजारी ठेवून बघते. आमच्या गावापासून वर्धा फार लांब होतं, एवढं खरं.

आजी १९९१ साली गेली. ही गोष्ट तिने आप्पांनाही सांगितलेली नव्हती. मी सांगितली तेव्हा आप्पांनी कपाटातून कुलवृत्तांत काढला. आमच्या शाखेच्या पानावर तीन भाऊ, तिघांच्या जन्माची सालं, मुलंबाळं, कोण कुठे नोकरीला. चौथा नाहीच. 'अविवाहित, निधन' एवढीसुद्धा ओळ नाही. आप्पा पुष्कळ वेळ त्या पानाकडे बघत होते. मग म्हणाले, मी दहा वर्षांचा असताना गोठ्यामागे खेळायला गेलो की मोठ्या काकू ओरडायच्या. का ते आज कळलं.

हे सगळं आत्ता लिहायला कारण असं की कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे आणि मंडळाचा फॉर्म आपल्या सगळ्यांच्या घरी आला आहे. वाचणाऱ्यांत आपले बरेच जण आहेत, म्हणून मुद्दाम सांगते. मी आमच्या शाखेचा फॉर्म भरला आहे. त्यात चौथ्या भावाचं नाव घातलं आहे, आजीने मला सांगितलं होतं ते. जन्मसाल अंदाजे १९१८ लिहिलं. वास्तव्याच्या रकान्यात गावाचं नाव. मृत्यूचा रकाना रिकामा सोडला आहे. दोघा-तिघांचा याला विरोध आहे हे मला माहीत आहे, फोन येऊन गेले. मुलींच्या लग्नाचं कारण सांगितलं गेलं, २०१९ सालचा कायदा मी त्यांना वाचून दाखवला. फॉर्म मी परत घेतलेला नाही. कुणाकडे १९४०च्या आधीचा घराचा फोटो असेल, गोठ्याच्या बाजूचा, तर मला स्कॅन करून पाठवा.